पाक मादेंच्या लेकीचे सहा दात

पहिली सात वर्षं मी अमेरिकेत एकाही माणसाचा एकही दात काढला नाही, हे आधीच सांगून टाकते. 'परदेशातली यशस्वी डेंटिस्ट' वगैरे काही वाचायला मिळेल म्हणून कुणी हे पान उघडलं असेल, तर त्यांनी वेळेत उलटावं. नागपूरला धरमपेठेत माझा स्वतःचा दवाखाना होता. खुर्ची एकच, तीही सेकंडहँड, पण पाटीवर नाव माझं होतं. दोन हजार एक साली मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सिएटलजवळ बॉथेलला नोकरी लागली आणि मी ती पाटी उतरवून माहेरच्या माळ्यावर टाकली. विमानात बसताना वाटलं होतं, दात काय, नागपूरचे आणि सिएटलचे सारखेच. दात सारखेच होते हो. कागद सारखे नव्हते.

इथे आपल्या डिग्रीवर कुणाच्या तोंडात बोट घालता येत नाही. आधी परीक्षा, मग दोन वर्षं पुन्हा कॉलेज, मग लायसन्स. त्यातून डिपेंडंट व्हिसावर साधी नोकरीसुद्धा नाही. दोन वर्षं मी नुसती लोकांचे दात बघत फिरले. किराणा दुकानातल्या कॅशियरचे, शेजारणीचे, मंडळाच्या गणपतीत मोदक खाणाऱ्यांचे. मिलिंद वैतागायचा. "यार, डोळ्यांत बघून बोल ना लोकांच्या! त्यांना वाटतं दातात कोथिंबीर अडकलीये."

वर्क परमिट आलं आणि एका युनिव्हर्सिटीच्या सर्वेक्षणात मला काम मिळालं. सिएटलच्या आसपास इंडोनेशियातून आलेली कुटुंबं राहतात. त्यांचे दात कसे आहेत, ती डॉक्टरकडे का जात नाहीत आणि काय केलं तर जातील, असा तो अभ्यास होता. शनिवारी एका चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि येईल त्याचं तोंड तपासायचं. तपासणार डॉक्टर लिंडा. साठीची, उंच, तुटक बोलणारी, पण हाताने फार हलकी. ती तोंडात आरसा घालून एकेका दाताचा आकडा म्हणायची: शून्य, शून्य, एक, शून्य. शून्य म्हणजे दात धड, एक म्हणजे कीड, दोन म्हणजे भरलेला. तो आकडा मी कागदावरच्या चौकटीत लिहायचा. बत्तीस दात, बत्तीस चौकटी, संपलं काम. लिहिणाऱ्याने बोलायचं नाही असा नियम होता, कारण शेजारून कुणी बोललं की तपासणाऱ्याचं मत हलतं. अक्कलदाढा खणून काढणारी बाई मी, आणि पेन्सिलीला टोक करत बसले होते. राग यायचा. घरी जाऊन भांडी आपटायची मी.

तो नियम मी दुसऱ्याच महिन्यात मोडला. सुमात्राकडच्या एक म्हाताऱ्या मावशी आल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि लिंडा मागे सरकली. हिरड्या, जीभ, ओठ, सगळं लालभडक. तिला वाटलं रक्त. "रक्त नाही, पान आहे ते," मी बोलून गेले. मावशींनी खूश होऊन पिशवीतून डबाच काढला: पान, चुना, सुपारी, काताच्या वड्या. आमच्या आजोबांच्या चंचीत यापेक्षा वेगळं काही नसायचं. पण नागपूरला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांची तोंडं मी इतकी पाहिली होती की गालाच्या आत चुना ठेवायच्या जागी पांढरा चट्टा दिसताच मी पेन्सिल खाली ठेवली. "याचा तुकडा तपासायला पाठव, आजच," मी लिंडाला म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग चट्ट्याकडे, आणि पाठवला. कॅन्सर लवकर सापडला, मावशी वाचल्या. लिंडा त्यानंतर मला दर शनिवारी खुर्चीच्या उजव्या बाजूला, तोंड दिसेल अशी बसवू लागली. लिहिणं मात्र सुटलं नाही.

या मंडळींची एक गोष्ट समजायला मला वेळ लागला. डॉक्टरला तोंडावर नाही म्हणणं त्यांच्यात बसत नाही. आपल्याकडे नवी सून सासरी कशी सगळ्याला हो म्हणते, तसं. दाढेत पू झालेला माणूस हसून सांगायचा, काही नाही, काही नाही. दुखतं का विचारलं तर म्हणायचा, अजून नाही. मग मी युक्ती काढली. दुखतं का असं विचारायचंच नाही. भात कुठल्या बाजूने चावता, एवढं विचारायचं. डावीकडून म्हणाले की उजवी दाढ बघायची. ही युक्ती लिंडाने पुढे अहवालात घातली, माझं नाव न घालता.

आता पाक मादे. पाक म्हणजे त्यांच्याकडचं काका. बालीचे, पन्नाशीचे, एका बेकरीत पाव भाजायचे आणि अंगाला कायम लोण्याचा वास. बायको केतुत, मुलगी आयू. आयू पाच वर्षांची असताना तिघं आले आणि राहिले. पाक मादे मला 'बु डोक्टर' म्हणायचे, म्हणजे डॉक्टरबाई. लिंडासमोरसुद्धा. "मी इथे डॉक्टर नाही," मी सांगायची. "हो हो, बु डोक्टर," ते म्हणायचे. खोटं कशाला सांगू, शनिवारची मी तेवढ्यासाठी वाट बघायची.

त्यांचे वरचे पुढचे सहा दात एका रेषेत सपाट होते. चार पटाशीचे आणि दोन सुळे, पट्टी लावून कापावेत तसे. लिंडा म्हणाली, "झीज. झोपेत दात खातात हे." मी लिहिलं. असे दात असले की रात्री घालायचं प्लास्टिकचं कवच देतात, म्हणजे दातावर दात घासत नाही. त्याचं माप घ्यायला मदतनिसाला परवानगी असते. बाप्पा रे, किती आनंद झाला होता मला! दोन वर्षांनी कुणाच्या तोंडात माझा हात जाणार होता. गुलाबी लगदा कालवला, ट्रे बसवला, तीन मिनिटं त्यांची हनुवटी धरून उभी राहिले. कवच छान बसलं. पाक मादेंनी हात जोडले आणि दर शनिवारी सांगायला यायचे, रोज घालतो, बु डोक्टर, रोज.

तीन महिन्यांनी त्यांनी मला आणि मिलिंदला जेवायला बोलावलं. केतुतने शेंगदाण्याच्या कुटातली भाजी केली होती, मिलिंदने तीनदा घेतली. भिंतीवर एक फोटो होता. सोनेरी कापडं नेसलेली पाच-सहा तरुण मुलं-मुली ओळीने आडवी पडलेली, आणि पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा एकाच्या तोंडात कानस धरून वाकलेला. लोहाराची असते ना, तीच, फक्त बारीक. मी केतुतकडे बघितलं. ती हसत होती, आणि तिचेही वरचे सहा दात एका रेषेत.

"हे दात... घासलेले आहेत?" मी विचारलं.

"मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा," पाक मादे म्हणाले. "आमच्यात सगळ्यांचे घासतात. मूल मोठं झालं की आईबापांनी करायचं असतं. सहा दात, आतले सहा शत्रू." आणि बोटं मोडत त्यांनी नावं सांगितली. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. उच्चार जरा वेगळा, पण षड्रिपूच की! मी लहानपणी पाठ केलेले.

"मग ते कवच कशाला घालता हो रोज?"

"तुम्ही दिलं म्हणून," ते म्हणाले.

मिलिंद भाजीचा घास तोंडात धरून हसायला लागला, मग केतुत, मग पाक मादे डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले, पण जीव ओशाळला. त्या माणसाने तीन महिने रोज झोपताना तो प्लास्टिकचा तुकडा तोंडात धरला होता, कारण मला माप घ्यायची हौस होती. सोमवारी मी लिंडाला सांगून सगळे जुने कागद काढायला लावले. बालीच्या सगळ्या लोकांपुढे आम्ही 'झीज' लिहून ठेवली होती.

त्याच सुमारास सरकारचं फर्मान निघालं होतं की ठरावीक देशांतून आलेल्या पुरुषांनी कचेरीत येऊन नाव नोंदवावं. त्यात इंडोनेशिया होता. पाक मादेंच्या ओळखीचे कितीतरी जण गेलेच नाहीत. ते मात्र मुदतीच्या आधी, इस्त्रीचा शर्ट घालून, रांगेत उभे राहून नाव नोंदवून आले. व्हिसा कधीचाच संपलेला. नोंदवलं म्हणूनच केस उभी राहिली. दोन वर्षं तारखा पडल्या आणि दोन हजार पाचच्या मार्चमध्ये निकाल लागला: एप्रिलअखेर देश सोडायचा. केतुतचा आणि आयूचा अर्ज वेगळा होता, तो अजून लटकलेला. त्या दोघींनी देशाबाहेर पाऊल टाकलं की तो रद्द. आपल्या व्हिसावाल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

जाण्याचं पाक मादेंनी मुकाट सोसलं. पण आयू सतरा वर्षांची झाली होती आणि तिचे दात घासायचे राहिले होते. ते करवून घ्यायचं बापाने, मुलीच्या लग्नाआधी. केल्याशिवाय बापाचं काम पुरं होत नाही, मुलीला पुढे पाठवताच येत नाही, असं त्यांच्यात मानतात. आयूला बालीला जाता येईना आणि त्यांना इथे राहता येईना, म्हणजे दोघं पुन्हा कधी एका देशात असतील याचा भरवसा नाही. ते लिंडाकडे गेले. लिंडाने शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. निरोगी दात, अल्पवयीन मुलगी, युनिव्हर्सिटीचा अभ्यास. तिचं चूक नव्हतं. एनॅमल एकदा घासलं की पुन्हा येत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

मग ते बॉथेलला आमच्या घरी आले. एका हातात पावांची पिशवी, दुसऱ्या हातात पिवळ्या कापडाची लहान गुंडाळी. टेबलावर ठेवून उलगडली. कानस होती.

"बु डोक्टर, तुम्ही तुमच्या देशात डॉक्टर आहात. आयूला भीती वाटते. मी सांगितलं, बु डोक्टर करतील, तर हो म्हणाली. थोडंच. दोन-तीन वेळा फिरवायची, एवढंच. मंत्र मला पाठ आहेत."

मी ती कानस हातात घेतली. चार वर्षं झाली होती हातात हत्यार घेऊन. बोटांनी आपोआप ती पेनासारखी धरली, करंगळी टेकवायला जागा शोधू लागली. काय सांगू, आत्ता ऊठ आणि कर असं वाटलं. किती जायचं असतं त्यात? नखाच्या कातरणाइतकंही नाही.

पण तीन आठवड्यांनी माझी कॉलेजची मुलाखत होती. लायसन्स नसताना कुणाच्या दाताला हात लावला असं कुणी नुसतं बोललं असतं, तरी सगळं बोंबललं असतं. चार वर्षांचा अभ्यास, परीक्षा, सगळं. मी कानस कापडात ठेवली.

"नाही जमणार, पाक मादे. मला लायसन्स नाही."

मला येतं ना नाही म्हणता.

"हो हो," ते म्हणाले, "काही नाही, काही नाही." हसले. पाव गरम आहेत, लगेच खा म्हणाले. गाडी निघेपर्यंत मी दारात उभी होते. मिलिंद म्हणाला, "बरोबर केलंस तू." बरोबर होतंच. म्हणूनच तर त्या रात्री तोंडात घास गेला नाही माझ्या. एप्रिलमध्ये विमानतळावर ते आयूला म्हणाले, अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको. मला म्हणाले, "बु डोक्टर, मुलाखतीत पास झालात ना?" झाले होते. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि लेकीचं लग्न ठरावं तसा आनंद केला.

पुढची दोन वर्षं मी पुन्हा कॉलेजात गेले, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरांबरोबर. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात लायसन्स आलं. बॉथेलजवळच एका लहानशा दवाखान्यात काम मिळालं. दारावर नाव लागलं, चार जणांच्या खाली, पण लागलं. पहिली दाढ काढली तेव्हा गाडीत बसून रडले मी. आणि त्या सगळ्या वर्षांत असा एक आठवडा गेला नाही, की मला ते टेबल आणि ते पिवळं कापड आठवलं नाही. तेव्हा हो म्हटलं असतं तर? कुणाला कळणार होतं?

नोव्हेंबरमध्ये अपॉइंटमेंटच्या यादीत आयूचं नाव दिसलं. वीस वर्षांची झाली होती, बँकेत कामाला, बापासारखंच रुंद कपाळ. पंधरा दिवसांवर लग्न. मुलगा इथलाच, पण तिचे कागद अजून व्हायचे होते, त्यामुळे बालीला जाणं नाही. बरोबर केतुत होती आणि केतुतच्या पर्समध्ये ते कापड.

"तुमच्याकडे आता लायसन्स आहे ना?" आयूने विचारलं. इंग्लिशमध्येच बोलायची ती. टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं.

आता हरकत नव्हती. सज्ञान मुलगी, स्वतः सही करून देणारी. हसू नीट दिसावं म्हणून दातांची टोकं किंचित गुळगुळीत करतो, तेवढंच करायचं, आणि ते आम्ही एरवीही करतो. शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर संध्याकाळी पाचला या म्हटलं, म्हणजे तिकडे रविवारची सकाळ. पाक मादे गावच्या पुजाऱ्याला घेऊन फोनवर बसणार होते. कानशीचा आवाज आला की पुजारी मंत्र सुरू करणार, असं ठरलं होतं.

कानस मशीनमध्ये घालून निर्जंतुक केली. आयू सोनेरी ओढणी घेऊन खुर्चीत आडवी झाली. केतुतने फोन स्पीकरवर लावून माझ्या ट्रेमध्ये ठेवला. तिकडे कोंबडे आरवत होते.

"बु डोक्टर!" साडेतीन वर्षांनी तो आवाज ऐकला. मी ग्लोव्ह चढवले.

मी डाव्या हाताने ओठ वर धरला आणि उजव्या सुळ्यावर तीनदा कानस फिरवली. मग पुढचा दात, मग पुढचा. इतकी हलकी, की टोकाची चमक तेवढी गेली. आयूच्या कपाळावर घाम होता, पण ती हलली नाही. सहावा दात झाला. मी हात बाजूला घेतला.

"बु डोक्टर," फोनमधून आवाज आला, "सुरू कधी करणार? पुजारी थांबलेत."

त्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं. केतुतने फोन उचलून आयूच्या गालाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. आयूनेही बघितलं आणि तोंड आणखी उघडलं. करा, म्हणत होती. आवाज येईल इतकी जोरात फिरवायची, तर एनॅमल गेलं असतं, आणि ते मी करणार नव्हते, लायसन्स असो की नसो. पण तिकडे तो माणूस फोनला कान लावून बसला होता.

मी डाव्या हाताचा ग्लोव्ह काढला. अंगठा फोनजवळ नेला आणि नखावर कानस घासली.

खर्र.

"आला! आला!" पाक मादे ओरडले. तिकडे घंटा वाजली आणि मंत्र सुरू झाला. मी मोजून घासत होते. सहा दात, एकेकाला तीनदा. आयू तोंड उघडं ठेवूनच पडून राहिली, डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे जात होतं. केतुतने हात जोडले होते.

मधेच मंत्रावरून पाक मादेंचा आवाज आला, अगदी फोनच्या जवळून.

"हळू, बु डोक्टर. तिला दुखेल."

मी हळू केलं.